शाळेच्या ग्रुपवर आरोग्याची सूचना लिहायचीय, पण ती वाचतंय कोण?

ओसरी | २२ जून, रात्री १०.१२

मंडळी, मी गेल्या वर्षापासून आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत आहे. समितीत पाऊण पालक लागतात आणि निम्म्या बायका, म्हणून मला बसवलं, खरं कारण तेच. शाळा जिल्हा परिषदेची, सातारा जिल्ह्यात डोंगराकडे, पहिली ते चौथी, पट ४१, शिक्षक दोन. परवाच्या बैठकीत गुरुजी म्हणाले, "ताई, तुमचं लिहिणं बरं आहे, पावसाळ्याची आरोग्याची सूचना ग्रुपवर तुम्हीच टाका."

घरी येऊन गेल्या वर्षीची सूचना शोधून काढली. "सर्व पालकांना कळविण्यात येते की, पावसाळ्यात साथीचे आजार पसरत असल्याने आपल्या पाल्याच्या आरोग्याची दक्षता घ्यावी. आजारी पाल्यास शाळेत पाठवू नये." खाली अठरा अंगठे आणि चार हात जोडलेले. आणि त्याच आठवड्यात दुसरीतला एक पोरगा दप्तरावर डोकं टेकून बसलेला, अंग चटके बसतील इतकं तापलेलं. आईने सकाळी औषध पाजून पाठवला होता, अकरा वाजता ताप परत चढला. आई कुठे? लावणीला, गुडघाभर चिखलात, फोन बांधावर पिशवीत. तिला बोल लावावा असं मला तेव्हाही वाटलं नाही.

तर प्रश्न असा की काय लिहू, म्हणजे ते अंगठ्याच्या पुढे जाईल? आणि उवांचं कसं लिहायचं? चौथीतल्या एका मुलीला कुणीतरी वर्गात केसांवरून बोललं, तिच्या आईने तिला चार दिवस घरीच ठेवलं. त्यावर नुसतं "स्वच्छता राखा" लिहिलं तर ती बाई आणखी दुखावेल.

खडूफळा | २२ जून, रात्री १०.४०

चौदा वर्षं मास्तर आहे, बीडकडे. आधी "पाल्य" हा शब्द काढा. कुठल्याही घरात पाल्य नसतं, पोरगं असतं. "कळविण्यात येते" पण काढा. ती भाषा वाचली की माणूस समजतो, हे वरून आलंय, आपल्यासाठी नाही.

दुसरं, एका सूचनेत एकच गोष्ट. आणि लिहू नका, बोला. दिवाळीनंतर आमच्याकडची निम्मी आईबापं ऊसतोडीला जातात, पोरं आजी-आजोबांकडे. आजीला वाचता येत नाही, पण व्हॉइस मेसेज ती तीनदा ऐकते आणि शेजारणीलाही ऐकवते. चाळीस सेकंदांच्या वर गेलात तर तीही ऐकत नाही, स्वानुभव.

वाटसरू | २२ जून, रात्री ११.०५

वाचनखूण साठवली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपलाही हेच लागू.

पानगळ | २३ जून, सकाळी ६.२०

कामावर जाता जाता लिहितेय, चाकणकडे, बसमध्ये आहे. चुकलं असेल तर सांभाळून घ्या.

"आजारी मुलाला शाळेत पाठवू नये." बरं, नाही पाठवत. मग ठेवू कुठं? मी ठेकेदाराकडे आहे. एक खाडा झाला की त्या दिवसाचा पगार जातो आणि महिन्याचा हजेरी भत्ताही जातो. सासूबाई गावी. शेजारच्या काकू एक दिवस बघतात, दुसऱ्या दिवशी त्यांचं तोंड वाकडं होतं. मीही मुलीला एकदा औषध पाजून पाठवलंय. लाज वाटते, पण पाठवलंय.

राग मला याचा येतो की पाठवू नका असं सगळे लिहितात, परत कधी पाठवायचं ते कुणीच लिहीत नाही. शाळेत विचारलं तर "पूर्ण बरी झाल्यावर". पूर्ण म्हणजे काय? खोकला तर तीन आठवडे असतो. मला आकडा सांगा. दीड दिवस म्हणत असाल तर दीड सांगा, मी काकूंशी दीड दिवसाचं बोलून ठेवीन. आकडा नसला की आम्ही आपल्या सोयीने ठरवतो, आणि आमची सोय कशात आहे ते तुम्हाला कळलंच असेल.

ओसरी | २३ जून, सकाळी ७.०२

पानगळ, हे मला सुचलंच नव्हतं. कुणी डॉक्टर आहे का इथे?

तापमापी | २३ जून, दुपारी ३.१५

आहे. मुलांचा डॉक्टर, कोल्हापूर. पानगळ यांचं बोलणं मला लागलं, कारण आम्हीही "चार दिवस आराम करू द्या" म्हणतो आणि पुढच्या पेशंटला हाक मारतो.

घ्या आकडे. ताप असेल तर औषध न देता पूर्ण २४ तास ताप नाही, मग शाळा. यातले "औषध न देता" हे शब्द मोठ्या अक्षरात लिहा. पॅरासिटामॉलचा अंमल चार ते सहा तास. सकाळी सातला पाजलं की अकराच्या सुमारास वर्गात ताप परत, ओसरींनी जे पाहिलं ते अगदी घड्याळाप्रमाणे झालं. जुलाब-उलट्या असतील तर शेवटच्या जुलाबानंतर ४८ तास. इथे आयांना वाटतं की पोरगं खेळायला लागलं म्हणजे झालं. पोरगं खेळत असतं, पण जंतू अजून शौचावाटे जात असतात, आणि शाळेतला नळ एकच असतो.

कांजिण्यांना शेवटच्या फोडावरही खपली धरेपर्यंत घरी, साधारण पाच ते सात दिवस. देवी आल्या म्हणून आंघोळ बंद करतात, ती करू नका. कडुलिंबाचा पाला अंथरुणात ठेवा हवं तर, माझी हरकत नाही, पण अंग धुवा आणि नखं कापा. ॲस्पिरिन अजिबात नाही. गालगुंडाला सूज आल्यापासून पाच दिवस. यात एक गैरसमज फार आहे, "लस तर सगळ्या दिल्यात". सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेला आहे, गालगुंड नाही, कांजिण्याही नाहीत. त्या खाजगीत घ्याव्या लागतात, त्यामुळे बहुतेकांनी घेतलेल्या नसतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

गोवराचं मात्र वेगळं. पुरळ आल्यापासून चार दिवस घरी, आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात कळवायचं, लपवायचं नाही. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला गोवराच्या साथीत लेकरं गेली, ते आठवा. नऊ महिने पूर्ण झाल्यावर एक आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा, असे दोन्ही डोस कार्डावर आहेत का ते पहिलीच्या सगळ्या मुलांचं बघून घ्या. पाच ते सहा वर्षांचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर सर्रास राहून जातो, कारण तोवर अंगणवाडी सुटते आणि कार्ड ट्रंकेच्या तळाशी जातं. दहाव्या वर्षी टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) असते, तीही.

डोळे आले तर चिकटा आणि पाणी थांबेपर्यंत. २०२३ च्या जुलैत आळंदीपासून जी साथ सुरू झाली, तेव्हा लोक मेडिकलमधून दिसतील ते थेंब घालत होते. स्टेरॉइडचे थेंब मनाने घालायचे नसतात. हात-पाय-तोंडाच्या आजारात ताप गेला, फोड सुकले, मूल जेवायला लागलं की पाठवा.

आता उलट बाजू. नाक वाहतंय, ताप नाही, खेळतंय, जेवतंय, तर पाठवा. शेंबूड बघून घरी ठेवायचं म्हटलं तर पावसाळाभर शाळेला कुलूप लागेल. ताप गेल्यावर मागे राहिलेल्या खोकल्याचंही तेच. फक्त दोन आठवड्यांच्या वर गेला, वजन उतरलं, तर दाखवा.

उवांसाठी शाळा एकही दिवस बुडवायची नाही.

पानगळ | २३ जून, रात्री ८.४५

स्क्रीनशॉट काढला. शेंबडाचं वाचून हसू आलं आणि बरंही वाटलं.

गारवा_लीड्स | २३ जून, रात्री ११.३०

लीड्सहून. इथे जुलाब-उलटीला ४८ तासांचा नियम इतका पाठ असतो की आया एकमेकींशी बोलताना "आमचे अठ्ठेचाळीस उद्या संपतात" म्हणतात. मुलगी शाळेत लागली तेव्हा मला तो कडकपणा वाटला. नंतर लक्षात आलं की कामाच्या ठिकाणी सांगायला त्याचाच आधार होतो. "मुलगी आजारी आहे" म्हटलं तर साहेब "किती दिवस?" विचारतोच. "शाळेचा नियम आहे, गुरुवारी येते" म्हटलं की विषय संपतो.

उवांसाठी इथेही कुणाला घरी पाठवत नाहीत. वर्गातल्या सगळ्यांना एकच चिठ्ठी येते, नाव कुणाचंच नसतं.

माजघर | २४ जून, सकाळी ९.१०

उवांचं मी सांगते, वय ६८, आणि तीन पिढ्यांची डोकी बघितलीत.

नात तिसरीत आहे. रविवारी अंगणात पाट मांडायचा, मांडीवर पांढरा पंचा, केस ओले करून खोबरेल चोपडायचं. मग बारीक दातांची फणी अगदी कातडीला टेकवून मुळापासून टोकापर्यंत, प्रत्येक बट वेगळी. कानामागे आणि मानेवर जास्त वेळ, तिथं त्यांना ऊब मिळते. पंच्यावर पडून चालायला लागते ती ऊ. केसाला चिकटून राहते ती लीख. सुनेला कोंडा आणि लीख कळत नव्हतं, तिला सांगितलं, फुंकर मार. उडाला तर कोंडा. लीख केसावरून दोन नखांनी ओढावी लागते. आणि सापडली की नखावर नख, टक्. त्या आवाजाला नात अजून हसते.

पण एका रविवारी भागत नाही. राहिलेल्या लिखा आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून पुढच्या रविवारी परत, आणि त्याच्या पुढच्याही. औषध लावलं तरी परत लावायचं ते याचसाठी. रॉकेल मात्र नको. आमच्या आळीत एका पोरीच्या डोक्याला रॉकेल लावून तिला चुलीपुढे बसवली होती. पुढचं लिहीत नाही.

ऊ उडी मारत नाही, उडत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. मैत्रिणी जितक्या घट्ट तितक्या उवा जास्त. हे त्या चौथीतल्या पोरीच्या आईला सांगा. घाणीचा संबंध नाही, धुतलेल्या केसांतही होतात.

ओसरी | २४ जून, सकाळी ९.५५

आजी, "मैत्रिणी जितक्या घट्ट" हे मी उचलते.

खडूफळा | २४ जून, सकाळी १०.३०

उवांसाठी आम्ही एक केलं होतं. "येत्या रविवारी सगळ्या घरी फणी", असं फळ्यावर लिहिलं. कुणाला आहेत, कुणाला नाहीत, विचारलंच नाही. एका घरी काढल्या आणि दुसऱ्या घरी राहिल्या तर सोमवारी परत येतात, त्यामुळे एकाच दिवशी सगळ्यांनी करणं हाच उपाय. पोरांच्या केसांतही बघायला सांगा, लोक फक्त पोरींचं बघतात.

झाडीपट्टी | २४ जून, दुपारी १.२०

आमच्या विदर्भातल्या शाळा अजून उघडायच्या हायेत, ऊन उतरलं नाही. म्हणून निवांत वाचून राहिलो.

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. खोकल्याची बाटली. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याकडची लहान लेकरं खोकल्याच्या औषधानं गेली, किडन्या निकामी होऊन. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल नावाचं विषारी रसायन निघालं. बरीच लेकरं आमच्या नागपुरात आणून भरती केली होती. तेव्हा दोन महिने सगळे घाबरले, आता परत मेडिकलवाल्याला "पोराला खोकला हाय, काहीतरी द्या" सुरू. सूचनेत एक ओळ याची टाका.

तापमापी | २४ जून, रात्री ९.००

झाडीपट्टींना अनुमोदन. पाच वर्षांखालच्यांना खोकल्या-सर्दीची औषधं सहसा देऊच नयेत, दोन वर्षांखाली तर मुळीच नाहीत, असं केंद्र सरकारनेही त्या वेळी पुन्हा कळवलं होतं. तुमच्या शाळेतली मुलं सहाची असतील, पण घरी धाकटं असतं आणि बाटली एकच असते.

तापाच्या औषधाचंही बघा. पाच मिलीत १२५ मिलिग्रॅमचं मिळतं आणि २५० चंही. आजी जुन्या बाटलीच्या हिशोबाने "एक झाकण" देते, नवी बाटली दुप्पट कडक असते. डोस वजनावर ठरतो. शाळेत वजनकाटा असेल तर जून महिन्यात प्रत्येकाचं वजन वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या, डॉक्टरकडे नेताना आईला उपयोगी पडतं.

आणि ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात, एकदम. रोज बघतो, फुलपात्रभर पाण्यात चिमूट टाकतात, बाकीची पुडी मुडपून फळीवर. कधी पातळ होतं, कधी खारट. लहान पुड्याही मिळतात, त्यावर पाण्याचं माप लिहिलेलं असतं. तयार केलेलं चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं.

कडूनिंब | २५ जून, सकाळी ८.१५

सगळं ठीक, पण जंताच्या गोळीचं काय? ऑगस्टात शाळेत जबरदस्तीने देतात. आमच्याकडे गेल्या वर्षी गोळी खाऊन सात-आठ पोरांना मळमळलं, गाडी बोलवावी लागली. आम्ही आता त्या दिवशी पोराला शाळेतच पाठवत नाही. वावडिंग देतो घरी.

उंबरठा | २५ जून, सकाळी ११.४०

मी गावातली आशा कार्यकर्ती आहे, नऊ वर्षं. दादा, भांडायला आले नाही. त्या दिवशी तिथे असते म्हणून सांगते.

ज्या पोराच्या पोटात जंत जास्त, त्याला गोळीनंतर मुरडा येतो, मळमळतं. ते गोळीने जंत सुटल्याचं लक्षण. एकाला ओकारी आली की बाकीच्यांना बघूनच येते. अर्धा तास सावलीत आडवं करतो, पाणी देतो, बहुतेक तेवढ्यावर उठतात. तरी आरोग्य केंद्राचा नंबर हाताशी असतो. ताप असलेल्या किंवा आजारी पोराला आम्ही गोळी देतच नाही, ते आधी विचारतो. गोळी ४०० मिलिग्रॅमची, दोन वर्षांवरच्यांना एक पूर्ण, एक ते दोन वर्षांच्यांना अर्धी, कुस्करून. मोठ्या पोरांनीसुद्धा चावून खायची, गिळायची नाही, घशात अडकते. म्हणून आमच्यासमोरच खायला लावतो, घरी देत नाही.

पोरगं त्या दिवशी नव्हतं तर पुढच्या आठवड्यात राहिलेल्यांचा दिवस असतो. फेब्रुवारीत परत. तुम्ही नको म्हणालात तर जबरदस्ती नाही, पण एकदा माझ्यासमोर द्या, मी थांबते.

गुलाबी गोळीचंही लिहा हो ताई. ती लोहाची, आठवड्याला एक, जेवण झाल्यावर. त्याने शी काळी होते, आया घाबरून बंद करतात. लोहच आहे ते. फक्त वर चहा देऊ नका, अंगी लागत नाही. सकाळचा चहा-चपाती पोरांचा सुटत नाही, माहीतय, पण निदान गोळीच्या दिवशी.

कडूनिंब | २५ जून, दुपारी १२.३०

ताई, तुम्ही थांबत असाल तर बघू. वावडिंग मात्र सोडणार नाही.

उंबरठा | २५ जून, दुपारी १२.३४

वावडिंग पण द्या 🙂

दहीभात | २५ जून, दुपारी २.१०

गोळ्या-बिळ्या सोडा, शाळेतलं अंडं बंद केलं त्याचं कुणी बोलेल का? २०२३ च्या नोव्हेंबरपासून आठवड्याला एक अंडं नाहीतर केळं देत होते, २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्याचे पैसे देणं थांबवलं. पहिली ते पाचवीला शंभर ग्रॅम तांदूळ आणि वर डाळ-भाजी, त्यात प्रथिनं कुठून येणार?

खडूफळा | २५ जून, दुपारी २.४०

दहीभात, वेगळा धागा काढा, मी शंभर प्रतिसाद देतो. आमच्याकडे अंड्याच्या बुधवारी हजेरी पूर्ण असायची, एवढंच इथे सांगतो.

माचीवर | २५ जून, सायंकाळी ६.००

डेंग्यूची एक ओळ राहिली. तो डास दिवसा चावतो, म्हणजे शाळेच्या वेळेत. चड्डीपेक्षा पॅन्ट बरी. आठवड्यातून एक दिवस हौद, पिंप कोरडं करतात, पण नुसतं उपडं करून चालत नाही, आतून काथ्याने घासायला हवं. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, कोरडी होऊनही महिनोन्महिने टिकतात, पाणी भरलं की परत अळ्या. शाळेच्या टाकीवर झाकण आहे का बघा. आमच्या टाकीला होतं, पण त्यावर कुणीतरी पतंग काढायला चढला आणि ते फुटलं. सहा महिने कुणाला पत्ता नव्हता.

ओसरी | २ जुलै, रात्री ९.५०

उशीर झाला, लाइट नव्हती तीन दिवस.

तर खडूफळांचं ऐकून सगळं एकदम टाकलं नाही. पहिल्या आठवड्यात फक्त तापाचं. गुरुजींनी कागदावर लिहून दिलेलं मी बाजूला ठेवलं आणि सरळ फोनवर बोलले, अडतीस सेकंद:

"मी चिन्याची आई बोलतीय. पोराला ताप आला तर घरी ठेवा. औषध न देता एक पूर्ण दिवस आणि एक रात्र ताप आला नाही की पाठवा. नाक वाहत असेल आणि ताप नसेल तर पाठवा, गुरुजी काही म्हणणार नाहीत. औषध पाजून पाठवू नका, अकराला परत चढतो. घरी बघायला कुणी नसेल तर मला फोन करा, मी किंवा समितीतलं कुणीतरी बघू."

शेवटचं वाक्य बोलताना सुचलं, आधी ठरलं नव्हतं. नवरा म्हणाला, आता आपल्या घराचा दवाखाना होणार. अजून तरी दोनच फोन आलेत. एक लावणीवरून होता, पोरगी दुपारपर्यंत आमच्याकडे झोपली, मऊभात खाल्ला आणि गेली.

फणीचा रविवार पाच तारखेला ठेवलाय. माजघर आजी, तुमची फुंकरेची युक्ती आणि "मैत्रिणी जितक्या घट्ट" दोन्ही त्यात घातलंय, नाव न घेता. चौथीतली ती मुलगी यायला लागली आहे.

पानगळ | ३ जुलै, सकाळी ६.२५

"घरी बघायला कुणी नसेल तर." माझ्या शाळेच्या ग्रुपवर असं कुणी बोललं असतं तर. असो. बस आली.

ओसरी | ८ जुलै, सकाळी १०.२०

एवढं सांगायला आले. आज सकाळी आठ चाळीसला ग्रुपवर व्हॉइस मेसेज आला, गेल्या वर्षी दुसरीत तापलेल्या त्याच पोराच्या आईचा. मागे कोंबड्यांचा आवाज. "गुरुजी, ताप काल संध्याकाळी उतरलाय, पण रात्री नऊला औषध दिलं होतं. म्हंजी आज न्हाई ना?"

गुरुजींनी खाली लिहिलं, "उद्या."